हार्डडिस्क टकटक करायला लागली तर आधी काय करायचं, आणि तशी वेळ लवकर येऊ नये म्हणून काय करायचं

सेतू केंद्र म्हणा, ग्रामपंचायत म्हणा, शाळेचं ऑफिस, फोटो स्टुडिओ, कृषी केंद्र, जिथं जिथं कॉम्प्युटर आहे तिथं एकच प्रकार पाहायला भेटतो. मशीन हँग व्हायला लागली की माणूस रिस्टार्ट मारतो, मग पुन्हा रिस्टार्ट मारतो, मग चौकातल्या पोराला बोलावतो, तो म्हणतो काही नाही भाऊ विंडोज मारून देतो, आणि या सगळ्या भानगडीत जी डिस्क अजून चार-सहा तास चालली असती ती तिथल्या तिथं खतम होते. मग सगळे म्हणतात डिस्क खराब होती. होतीच खराब, पण डेटा निघाला असता ना.

म्हणून ही गोष्ट सगळ्यात आधी सांगून राहिलो. खराब व्हायला लागलेली डिस्क जेवढा वेळ चालू ठेवाल तेवढा तिचा उरलेला जीव कमी होतो, तो जीव फक्त डेटा काढण्यात घालवायचा. रिपेअर, स्कॅन, फॉरमॅट, विंडोज हे सगळं नंतर, आणि तेही दुसऱ्या डिस्कवर.

आता काऊन असं, ते थोडक्यात. हार्डडिस्कच्या आत आरशासारख्या चकत्या असतात, त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर हवेत तरंगत असतं. डोक्याचा केस त्या फटीपेक्षा हजारो पट जाड. डिस्क चालू असताना धक्का बसला किंवा हेड वाकडं झालं की ते चकतीला घासते, घासलं की बारीक चुरा उडतो, आणि तो चुरा पुढच्या फेरीत आणखी जागा खराब करतो. म्हणजे बिघाड एका जागी थांबत नाही, डिस्क फिरते तोवर पसरत जातो.

आपल्याकडे डिस्क लवकर जाण्याचं मोठं कारण लाईन. लाईन जाते, येते, पुन्हा जाते, येताना कधी व्होल्टेज कमी तर कधी लय जास्त. फाइल लिहून होत असतानाच लाईन गेली तर फाइल सिस्टम (कोणती फाइल डिस्कवर कुठं आहे त्याची वही) गडबडते, आणि असं रोज होत राहिलं तर एक दिवस विंडोज उघडतच नाही. यूपीएस आहे सगळ्यांकडे, पण त्यातली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते आणि कोणी पाहत नाही, नुसता डबा टेबलाखाली दिवा लावून बसलेला. सगळ्या फाइली सेव्ह करून, विंडोजमधला पसारा बंद करून, महिन्यातून एकदा यूपीएसचा प्लग काढून पाहा. दोन मिनिटं टिकला नाही तर बॅटरी बदला, ती डिस्कपेक्षा लय स्वस्त आहे.

दुसरं अर्थिंग. गावात बऱ्याच ठिकाणी तीन पिनचा सॉकेट दिसते पण मागं अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात ना, ते त्याचंच लक्षण. मीठ-कोळशाचा खड्डा केला असेल तर एप्रिल-मे मध्ये त्यात पाणी टाकत राहा, आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोरडी पडली की अर्थिंग असून नसल्यासारखं. आणि डीपीवर न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजच्या घरात २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्टेज येऊ शकते, बल्ब अचानक लख्ख पेटले की पहिले मेन स्विच पाडा. जूनमध्ये पहिल्या पावसाच्या कडकडाटात नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा आणि ब्रॉडबँडची तांब्याची तार येत असेल तर तीसुद्धा काढायची, वीज तिथूनही शिरते.

उन्हाळा तर विचारू नका. अकोला, चंद्रपूर, वर्धा साइडला पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत तर आणखी. बहुतेक डिस्कची कंपनीनं दिलेली मर्यादा ६० अंशांची असते, खोलीच ४३-४४ वर असली आणि कॅबिनेटचा पंखा कापसाच्या तंतूंनी भरलेला असला तर डिस्क तिथपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. माझं मत असं की ५० च्या खाली ठेवायची. त्यासाठी एसी पाहिजे असं नाही, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, खाली जमिनीवर नको, आणि थ्रेशरचा हंगाम संपला की एकदा ब्लोअर मारून घ्या, मशीन बंद करून. कूलर मात्र कॉम्प्युटरच्या तोंडावर सोडू नका. ताट्यांतून येणारी हवा गार वाटते पण ओली असते, आणि पाणी जर बोअरचं खारं असेल तर वर्षभरात साटा पोर्टाच्या (डिस्कची केबल बसते ती जागा) पिना हिरव्या-पांढऱ्या दिसायला लागतात. कूलर माणसाकडे, कॉम्प्युटर बाजूला. आणि डिस्कच्या झाकणावर एक बारीक छिद्र असते, बाजूला लिहिलेलं असते की हे झाकू नका. हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते आहे, आत फिल्टर आहे. त्यावर टेप लावू नका, आणि कंप्रेसरची नळी तर तिथं अजिबात नेऊ नका.

लग्नाचे शूटिंगवाले भाऊ, तुमच्यासाठी वेगळं सांगतो. तुमची छोटी एक्स्टर्नल डिस्क मांडवात डीजेच्या बॉक्सजवळ, लॅपटॉपला लटकलेली, डेटा कॉपी होऊन राहिला आणि कोणी तरी वायरला अडकून जाते. चालू डिस्क हलवायची नाही, एवढं पाळलं तरी अर्ध्या डिस्क वाचतील. तिला जागेवर आडवी ठेवा, काढताना सेफली रिमूव्ह करा, चकती थांबायला आठ-दहा सेकंद द्या, मग बॅगेत टाका. तिची ती रुंद चपटी पिन असते ना, ती पहिले सैल होते आणि मग माणूस ती बोटानं दाबून धरून डेटा कॉपी करतो. केबल बदला बाप्पा, किती लागते केबलला.

आता डिस्कची तब्येत कशी पाहायची ते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, उघडलं की वर डिस्कचं तापमान आणि तब्येत दिसते, निळं म्हणजे बरं, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे गेली. पण नुसत्या रंगावर विसंबू नका, खालचे आकडे पाहा. ते आकडे सुरुवातीला विचित्र अक्षरांत दिसतात, फंक्शन मेनूत अॅडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, तिथं १० डेक निवडलं की साधे आकडे दिसतात. चार ओळी पाहायच्या. ०५ म्हणजे डिस्कनं खराब जागा सोडून राखीव जागा वापरली असे सेक्टर (डेटा ठेवायचे बारीक कप्पे), सी५ म्हणजे जे सेक्टर आत्ता वाचता येऊन नाही राहिले आणि डिस्क अजून ठरवत आहे असे, सी६ म्हणजे तपासूनही वाचलेच गेले नाहीत असे, आणि सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डच्या मधे डेटा बिघडला. सी७ एकटाच वाढला असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा साटा केबल सैल किंवा खराब असते, ती बदलली की आकडा तिथंच थांबतो, कमी मात्र होत नाही. ०५, सी५, सी६ शून्याच्या वर गेले तर आजच कॉपी काढा, आणि आठवड्यानं पुन्हा पाहा. आकडा वाढत असेल तर ती डिस्क कामातून काढा.

गूगलच्या इंजिनिअरांनी २००७ मध्ये त्यांच्याकडच्या एक लाखाच्या वर डिस्कचा अभ्यास छापला होता. त्यात दिसलं की स्कॅनमध्ये पहिली चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क जायची शक्यता ३९ पट वाढते. पण त्यातच हेही दिसलं की मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी या महत्त्वाच्या आकड्यांमध्ये काहीच दाखवलं नव्हतं. म्हणजे आकडा वाढला तर पळा, पण आकडा शून्य आहे म्हणून झोपू नका.

तिथंच पॉवर ऑन अवर्स पण दिसते. जुनी डिस्क घेताना हे पाहाच. वर्षाचे तास ८७६०, आणि दुकानात नवीसारखी म्हणून देऊन राहिले आणि तिथं चाळीस हजार दिसून राहिले तर ती कुठल्या तरी सीसीटीव्हीतून काढलेली आहे, साडेचार वर्षं दिवसरात्र फिरलेली. ऑनलाइन हजार-बाराशेत १६ टीबी म्हणून विकतात ते तर घेऊच नका, आत छोटं मेमरी कार्ड असते आणि वरची साइज खोटी. शंका असली तर एचटू टेस्ट डब्ल्यू नावाच्या सॉफ्टवेअरनं डिस्क रिकामी असताना पूर्ण भरून तपासा.

आता खरा मुद्दा, डिस्क त्रास देऊन राहिली तर. आधी कान लावा. खरंच कान लावा, खोलीतला पंखा-कूलर बंद करून. डिस्क एकसारखी फिरून राहिली, आवाज नॉर्मल आहे, पण फोल्डर उघडायला मिनिटं लागतात, कॉपी मधेच शून्यावर येते, तर बॅड सेक्टर असण्याची शक्यता जास्त आणि हे घरी जमण्यासारखं आहे. ठराविक अंतरानं टक, टक, टक आणि मग फिरणं बंद, तर हेड गेलं असण्याची शक्यता मोठी. बारीक बीप किंवा कुईकुई आणि फिरतच नाही, तर मोटर जाम आहे किंवा हेड चकतीला चिकटलंय, पण छोट्या डिस्कला कधी कधी पॉवर कमी पडली तरी असाच आवाज येतो म्हणून एकदा, फक्त एकदा, दुसरी केबल लावून मागच्या पोर्टाला लावून पाहा. किरकिर, घासल्यासारखा आवाज आला तर त्या क्षणी पॉवर काढा. शटडाउनची वाट नका पाहू, सरळ काढा. टकटक आणि किरकिर या दोन्हींत घरी काहीच करायचं नाही, ते डेटा काढून देणाऱ्या लॅबचं काम.

आणि आवाजच नाही, एकदम मुकी, हाताला थरथर पण लागत नाही, तर आठवून पाहा की आदल्या दिवशी लाईनचा झटका आला होता का, किंवा कोणी भलता अॅडाप्टर लावला का. मोठ्या एक्स्टर्नल डिस्कला १२ व्होल्टचा अॅडाप्टर लागतो, लॅपटॉपचा १९ व्होल्टचा, आणि काही पिना एकसारख्याच बसतात. अशा वेळी डिस्कच्या हिरव्या पट्टीवरचा (खालचा सर्किट बोर्ड) टीव्हीएस डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकी डिस्क वाचवतो, तो त्यासाठीच बसवलेला असते. आत चकत्यांवरचा डेटा बहुतेक वेळा शाबूत असते. मोबाइल रिपेअरिंगवाला चांगला असेल, मल्टीमीटर लावून शॉर्ट असलेला डायोड शोधून काढू शकत असेल, तर तो काढून टाकल्यावर डिस्क चालू होऊ शकते, पण आता संरक्षण राहिलं नाही, म्हणून चांगल्या पॉवर सप्लायवर लावायची, डेटा काढायचा आणि रिटायर करायची. दुसऱ्या सेम डिस्कची पट्टी काढून लावली की चालते असं काही जण सांगतात, ते जुन्या काळी चालायचं. आताच्या डिस्कमध्ये पट्टीवरच्या रॉम चिपमध्ये त्याच डिस्कची मापं असतात, ती चिप काढून नव्या पट्टीवर बसवली नाही तर उपयोग नाही.

फ्रीजमध्ये ठेवायचा उपाय तर कोणालाच सांगू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरते आणि हेड त्या दवावर चालते. झाकण उघडणं पण नाही, लॅबमध्ये ते काम धूळ गाळलेल्या हवेत करतात, आपल्या खोलीतला धुळीचा एक कण त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असते.

बॅड सेक्टरवाली डिस्क असेल तर असं करा. विंडोजमध्ये 'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क' असा मेसेज आला तर कॅन्सल. चेकडिस्क मारू नका. चेकडिस्क फाइल सिस्टम सरळ करते, तुमच्या फोटोची काळजी तिला नाही, आणि खराब डिस्कवर ती तासन् तास हेड त्याच त्या जागी नेते, वरून फाइलींचे तुकडे करून भलत्याच फोल्डरमध्ये टाकते. डिफ्रॅग पण नाही. आणि सुरू होताना विंडोज स्वतःच डिस्क तपासायला लागली तर कीबोर्डचं बटण दाबून ते थांबवा.

डिस्क अजून उघडत असेल आणि तुम्हाला फक्त एक-दोन फोल्डर पाहिजे असतील तर सगळ्यात महत्त्वाचं तेवढं पहिले उचला. अख्खी सी ड्राइव्ह नको, विंडोज फुकटात पुन्हा भेटते, ग्राहकाच्या लग्नाचे फोटो भेटत नाहीत. जिथं अडकते तो फोल्डर सोडून पुढं चला.

पण डिस्क पूर्णच काढायची असेल तर क्लोन काढा, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, सेक्टरला सेक्टर. त्यासाठी सिस्टमरेस्क्यू नावाची लिनक्स फुकट भेटते, दुसऱ्या चांगल्या मशीनवर रूफस वापरून पेनड्राइव्हवर टाका आणि त्यावरून बूट करा. लिनक्स यासाठी की विंडोज डिस्क दिसली रे दिसली की तिच्यात हात घालते. खराब डिस्क शक्यतो थेट साटा केबलनं लावा, युएसबी कन्व्हर्टर बॅड सेक्टर आला की स्वतःच अडकून बसतो. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी पाहिजे, थोडीही लहान चालत नाही. आणि आणखी एक वेगळा पेनड्राइव्ह, कॉपीची नोंद ठेवणारी मॅप फाइल ठेवायला.

आता 'lsblk -o NAME,SIZE,SERIAL' (एलएसबीएलके) टाइप करून कोणती डिस्क कोणती ते पाहा, साइज आणि सिरियल नंबर डिस्कच्या स्टिकरशी जुळवा, कागदावर लिहून घ्या. इथं उलटं झालं तर रिकाम्या डिस्कचा क्लोन तुमच्या डेटावर चढेल आणि मग देवही काही करू शकत नाही. मग डीडीरेस्क्यूची कमांड, हाच क्लोन काढणारा प्रोग्राम (ddrescue, अक्षरं सगळी लहान). क्रम असा, आधी डॅश एफ, कारण सरळ डिस्कवर लिहायचं तर परवानगी द्यावी लागते, मग डॅश एन, मग खराब डिस्कचं नाव, मग नव्या डिस्कचं नाव, मग मॅप फाइलचा पत्ता. डॅश एन म्हणजे पहिल्या फेरीत सोपं सोपं उचल, अडलेल्या जागी खरवडत बसू नको. बहुतेक डेटा या फेरीतच येऊन जाते. मग डॅश एन काढून डॅश आर ३ टाकून तीच कमांड पुन्हा, तोच क्रम, तीच मॅप फाइल, आता तो राहिलेल्या जागा तीन-तीन वेळा वाचून पाहते. मॅप फाइल हाच या सगळ्याचा जीव आहे, कुठपर्यंत झालं ते तिच्यात लिहिलेलं असते, लाईन गेली, डिस्क गायब झाली, गरम झाली, काही झालं तरी बंद करून थंड होऊ द्यायचं आणि तिथूनच पुढं चालू. म्हणून ती फाइल त्या वेगळ्या पेनड्राइव्हवर, कारण ही लिनक्स मेमरीत चालते आणि बंद झाली की तिच्यातलं सगळं पुसलं जाते.

चांगली १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबीनं गेली तर तीन तासांच्या आसपास लागतात, खराब डिस्कला रात्रभर, कधी दोन दिवस. म्हणून हे काम इनव्हर्टरच्या लाईनवर करा, आणि समोर टेबल फॅन लावून ठेवा डिस्कवर. मधेच टकटक सुरू झाली तर थांबवा, जेवढं आलं तेवढं आलं, पुढचं लॅबला.

क्लोन झाला की जुनी डिस्क काढून कपाटात ठेवा, इथून पुढं सगळे प्रयोग क्लोनवर. पार्टिशन (सी, डी असे डिस्कचे भाग) दिसत नसेल तर टेस्टडिस्क, त्याच पेनड्राइव्हवर आहे. चेकडिस्क मारायचीच असेल तर आता मारा, पण क्लोनची आणखी एक कॉपी काढून. काहीच नाही जमलं तर फोटोरेक, तो फाइलची ओळख पाहून फोटो, व्हिडिओ, वर्ड, पीडीएफ शोधून काढते, पण नावं आणि फोल्डर जातात, सगळा ढीग पडते. फोटोंची तारीख मात्र फोटोतच असते, तारखेनं लावून घेता येतात. कॅमेऱ्याच्या कार्डातून चुकून डिलीट झालं असेल तरी हाच वापरा, आणि त्या कार्डात नंतर एकही फोटो काढू नका.

इथं लय लोकांचा घोटाळा होते. शाळेची, पंचायतीची जुनी कागदपत्रं निघाली, उघडली, आणि सगळं इंग्रजीतली आडवीतिडवी अक्षरं. लोक समजतात फाइल करप्ट. करप्ट नाही, ती कृतिदेव किंवा श्रीलिपी किंवा शिवाजी फाँटमध्ये टाइप केलेली आहे आणि नव्या मशीनमध्ये तो फाँट नाही. म्हणून बॅकअप घेताना विंडोजच्या फाँट्स फोल्डरातून तुमचे मराठी फाँट पण कॉपी करून ठेवा.

एसएसडीचं, म्हणजे चकत्या नसलेल्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कचं, सगळं वेगळं. ती आवाज करत नाही, बरेचदा सकाळी चालू होती आणि दुपारी दिसतच नाही असं होते. आणि डिलीट केलेलं परत काढणं जवळपास अशक्य, कारण ट्रिम नावाची कमांड डिलीट झालेली जागा आतून साफ करायला सांगते. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कच्या डेटाला कुलूप लावणारं विंडोजचं फीचर) आपोआप चालू असू शकते, त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आजच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून वहीत लिहा, ती नसली तर क्लोन निघूनही काही वाचता येणार नाही. एसएसडी कामाला लावा, वेगच वेगळा आहे, पण एकुलती एक कॉपी तिच्यावर नको, आणि बंद करून वर्षानुवर्षं पेटीत तर अजिबात नको.

बॅकअपचा साधा नियम पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं लोकांपर्यंत नेला, तीन कॉप्या, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. आपल्याकडे असं जमते, एक कॉम्प्युटरमध्ये, एक एक्स्टर्नल डिस्कवर जी कॉपी झाल्यावर काढून कपाटात जाते, आणि एक दुसऱ्या घरी, भावाकडे, तालुक्याला. नेट बरं असेल तर क्लाउडवर, निदान हिशोब आणि कागदपत्रं तरी, ते काही जास्त जागा खात नाहीत. एक्स्टर्नल डिस्क कायम लावून ठेवू नका, लाईनचा झटका आला तर दोन्ही सोबतच जातात.

लॅबला द्यायची वेळ आली तर नागपूर, पुणे, मुंबईला लॅब आहेत. विचारून घ्या की तपासणीचे पैसे वेगळे का, डेटा नाही निघाला तर किती घेणार, आणि डिस्क उघडण्याआधी फोन करणार का. खरं खरं सांगा, पडली, किती वेळा चालू केली, कोणी उघडली, लपवलं तर त्यांचंही काम बिघडते. अँटीस्टॅटिक पिशवीत, वरून बबल शीटचे तीन-चार वेढे, घट्ट डब्यात. एसटीनं स्वतः नेत असाल तर मांडीवर ठेवा, मागच्या सीटवर नाही. आणि डेटा घेऊन आल्यावर नुसती फाइलींची संख्या पाहून समाधान मानू नका, व्हिडिओ शेवटपर्यंत ओढून पाहा, बरेच व्हिडिओ पहिली दहा सेकंदं छान चालतात आणि मग काळे पडतात. मोठे फोटो पूर्ण झूम करा, खालचा अर्धा भाग राखाडी तर नाही ना. हे तपासून होईपर्यंत जुनी डिस्क फेकू नका आणि लॅबमधली त्यांची कॉपी पुसू नका असंही सांगून ठेवा.